विंडोज नव्याने टाकताना डी ड्राइव्ह खरोखर सुरक्षित राहतो का?

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात यंत्रांचे सुटे भाग तयार करणाऱ्या एका वर्कशॉपच्या मालकांचा प्रश्न थोडक्यात असा आहे. ऑफिसातील संगणकात इंटेलचा आठव्या पिढीचा प्रोसेसर, १ टीबीची हार्ड डिस्क आणि विंडोज १० आहे. १०० जीबीचा सी ड्राइव्ह काठोकाठ भरला आहे. डीमध्ये ड्रॉइंग आणि सीएनसीचे (संगणकाच्या आज्ञांवर चालणाऱ्या यंत्राचे) प्रोग्रॅम आहेत, तर ईमध्ये टॅलीचा डेटा आहे. ई लहान करून सी मोठा करायला गेल्यावर ‘एक्स्टेंड व्हॉल्यूम’ हा पर्याय अंधुकच राहिला. मग पेन ड्राइव्हवरून विंडोज ११ टाकायला घेतले, तेव्हा या डिस्कवर एमबीआर पार्टिशन टेबल असल्यामुळे येथे विंडोज टाकता येणार नाही, असा संदेश आला. आता ५०० जीबीची एसएसडी (चिपवर माहिती साठवणारी वेगवान डिस्क) आणून ठेवली आहे. ओळखीचे तंत्रज्ञ म्हणतात, ‘फॉरमॅट मारा, डीला काही होत नाही.’ त्यांच्यावर विसंबावे का, असे त्यांनी विचारले आहे.

उत्तराआधी एक विनंती करतो. ड्रॉइंग, सीएनसीचे प्रोग्रॅम आणि टॅलीचा डेटा यांची प्रत या हार्ड डिस्कच्या बाहेर कोठेही नसेल, तर तशी प्रत तयार करून ती दुसऱ्या संगणकावर उघडून पाहीपर्यंत इन्स्टॉलर पुन्हा सुरू करू नये. तंत्रज्ञांचे म्हणणे पूर्णपणे चुकीचे नाही. परंतु ते एका अटीवर खरे आहे आणि ती अट सहसा कोणी सांगत नाही. संगणक दुरुस्तीच्या कामात माझी वीसहून अधिक वर्षे गेली. ‘डीमधले सगळे गेले’ असे सांगत जे लोक माझ्याकडे आले, त्यांतील बहुतेकांचे नुकसान ती अट ठाऊक नसल्यामुळेच झाले होते.

आपल्याकडे ‘फॉरमॅट मारणे’ या एकाच शब्दप्रयोगात तीन निरनिराळी कामे बोलली जातात. एखाद्या पार्टिशनमधील, म्हणजे डिस्कच्या आखलेल्या तुकड्यातील, फायलींची नोंदवही कोरी करणे म्हणजे फॉरमॅट. डिस्कवरील पार्टिशनच्या हद्दी आखणे, पुसणे किंवा हलवणे हे पार्टिशनिंग. आणि तयार जागेत विंडोजच्या फायली उतरवणे हे इन्स्टॉलेशन. फक्त सी फॉरमॅट करून त्याच जागेत विंडोज उतरवले, तर डी आणि ईला खरोखरच धक्का लागत नाही. मात्र पार्टिशन टेबलाला हात लागला की अख्खी डिस्क त्या कामाच्या कक्षेत येते, आणि आपल्या पडद्यावर आलेला एमबीआरचा संदेश नेमका त्या टेबलाविषयीच आहे.

पार्टिशन टेबल म्हणजे डिस्कचा सातबारा, असे समजले की पुढचे बरेचसे आपोआप उलगडते. कोणता तुकडा कोठे सुरू होतो आणि कोठे संपतो, एवढेच त्यात लिहिलेले असते. फायली त्यात नसतात. नोंद पुसली म्हणून शेतातले उभे पीक त्याच क्षणी नाहीसे होत नाही, पण ज्या जमिनीची नोंद नाही ती मोकळी आहे असे धरून विंडोज तिच्यावर नवे पेरू लागते. म्हणूनच हार्ड डिस्कवरचे पार्टिशन चुकून पुसले गेल्यास, आणि त्यानंतर काहीही लिहिले गेले नसल्यास, माहिती परत मिळण्याची बरीच शक्यता असते. एसएसडीच्या बाबतीत हा दिलासा धरून चालू नये. फॉरमॅट करताना विंडोज ‘ट्रिम’ ही आज्ञा पाठवून ती जागा रिकामी झाल्याचे एसएसडीला कळवते आणि एसएसडी आपल्या सोयीने ती आतून साफ करून टाकते. तेथून पुढे कोणतेही रिकव्हरी सॉफ्टवेअर सहसा उपयोगी पडत नाही.

आता त्या संदेशाकडे वळतो. एमबीआर ही १९८३ पासून चालत आलेली जुनी पद्धत आहे. तिच्यात चारच मुख्य पार्टिशन करता येतात आणि साधारण २ टीबीच्या पुढची जागा तिला मोजता येत नाही. जीपीटी ही नंतरची पद्धत आहे. विंडोज तिच्यात १२८ पार्टिशनपर्यंत नोंदी ठेवते, आणि टेबलाची दुसरी प्रत डिस्कच्या अगदी शेवटी जपून ठेवलेली असते. संगणक यूईएफआय या सुरू होण्याच्या नव्या पद्धतीने सुरू होत असेल तर विंडोजला आपले पार्टिशन जीपीटी डिस्कवरच हवे असते, आणि विंडोज ११ साठी यूईएफआय व टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या जपणारी सोय) या दोन्ही गोष्टी आवश्यक आहेत. आपले विंडोज १० पूर्वी कोणीतरी जुन्या लेगसी पद्धतीने टाकलेले आहे, तर पेन ड्राइव्ह यूईएफआय पद्धतीने सुरू झाला. या दोहोंचा मेळ बसला नाही, एवढाच त्या संदेशाचा अर्थ आहे. डिस्क बिघडलेली नाही.

या संदेशावर सर्रास सुचवला जाणारा उपाय मात्र आपल्या बाबतीत घातक आहे. शिफ्ट आणि एफ१० ही बटणे एकत्र दाबायची, काळ्या खिडकीत डिस्कपार्ट हे पार्टिशन आखण्या-पुसण्याचे साधन सुरू करायचे, डिस्क निवडायची, ‘क्लीन’ लिहायचे आणि मग ‘कन्व्हर्ट जीपीटी’ लिहायचे, असा तो उपाय आहे. कोऱ्या डिस्कवर तो निर्धोक आहे. आपल्या हार्ड डिस्कवर मात्र ‘क्लीन’ हा एक शब्द सी, डी आणि ई या तिन्हींच्या नोंदी एका क्षणात पुसतो, आणि त्याआधी ‘आपली खात्री आहे ना’ असेही विचारत नाही. ‘डीला काही होत नाही’ हे वाक्य जिथे खोटे ठरते, ती जागा हीच.

खरे पाहता आपल्याला तो संदेश सोडवण्याची गरजच उरलेली नाही. नवी एसएसडी कोरी आहे. यूईएफआयमधून सुरू झालेला इन्स्टॉलर तिच्यावर आपण होऊन जीपीटी टेबल तयार करतो. जुन्या हार्ड डिस्कवरून यापुढे संगणक सुरू करायचा नसल्यामुळे ती एमबीआर राहिली तरी काही बिघडत नाही. विंडोज ११ तिच्यावरचे डी आणि ई नेहमीसारखे उघडते. ज्यांच्याकडे दुसरी डिस्क नाही त्यांच्यासाठी विंडोज १० च्या १७०३ या आवृत्तीपासून ‘एमबीआर टू जीपीटी’ हे साधन विंडोजमध्येच मिळते आणि ते फायली न पुसता टेबल बदलते. परंतु त्याला तीनपेक्षा जास्त मुख्य पार्टिशन चालत नाहीत आणि एक्स्टेंडेड पार्टिशन (ज्याच्या आत आणखी तुकडे करता येतात ते) तर मुळीच चालत नाही. विंडोजच्या ‘डिस्क मॅनेजमेंट’ या खिडकीत आपल्या डी आणि ईभोवती हिरवी चौकट दिसत असेल, तर ते एक्स्टेंडेड पार्टिशनच्या आत आहेत आणि हे साधन आपल्या डिस्कला नकार देईल.

‘एक्स्टेंड व्हॉल्यूम’ अंधुक का राहिला, हेही सातबाऱ्याच्याच भाषेत सांगता येते. ई लहान केल्यावर सुटलेली जागा ईच्या शेवटी, म्हणजे डिस्कच्या उजव्या टोकाला मोकळी झाली. सीला लागून डी आहे. आपल्या बांधाला लागून शेजाऱ्याचे शेत असताना त्याच्या पलीकडची पड जमीन आपल्या तुकड्याला जोडता येत नाही, तसेच विंडोजला आपल्या उजव्या हद्दीला चिकटून असलेली मोकळी जागाच घेता येते. कित्येकदा सी आणि मोकळी जागा यांच्यामध्ये अर्ध्या-एक जीबीचे रिकव्हरी पार्टिशन बसलेले असते आणि तेवढ्यानेही हा पर्याय बंद होतो. डी उजवीकडे सरकवणारी खासगी साधने मिळतात, पण ती डीमधील सगळा मजकूर खरोखर उचलून दुसरीकडे ठेवतात. शेकडो जीबी असतील तर हे काम तासन्‌तास चालते. वळवाच्या दिवसांत दुपारी वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो आणि हलवाहलव अर्धवट असताना वीज गेली, तर जुनी नोंदही जुळत नाही आणि नवीही जुळत नाही. यूपीएस आणि बाहेरची प्रत या दोन्ही गोष्टी हाताशी असल्याशिवाय मी स्वतः हे काम कधीही हाती घेत नाही. एसएसडी आली असताना तर त्याची आपल्याला काहीच आवश्यकता नाही.

प्रतीविषयी मी थोडे सविस्तर लिहितो, कारण सर्वांत जास्त चुका येथेच होतात. सीमधील फायली डीमध्ये नेऊन ठेवल्या म्हणजे बॅकअप झाला, ही समजूत आपल्याकडे फार खोलवर रुजलेली आहे. सी, डी आणि ई ही एकाच डिस्कवरच्या तीन तुकड्यांची नावे आहेत. ती डिस्क बंद पडली की तिन्ही एकदमच बंद पडतात. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात शाहूपुरीतील एका व्यापाऱ्यांचा संगणक दोन दिवस पाण्याखाली होता. त्यांनी हिशेबाची प्रत दररोज नेमाने घेतली होती, पण ती त्याच डिस्कच्या ई ड्राइव्हमध्ये होती. आणि एक प्रत बाहेरच्या डिस्कवर होती, ती त्याच टेबलाच्या खणात होती. त्यानंतर जुलै २०२१ मध्ये पंचगंगेचे पाणी पुन्हा शहरात शिरले, तेव्हा त्यांची एक प्रत नातेवाइकांच्या घरी, उंचावर होती. उद्यमनगर पुराच्या पट्ट्यात नसले तरी चोरी, आग आणि शॉर्टसर्किट सगळीकडे सारखेच असतात. म्हणून एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्यावी आणि ती घरी न्यावी. टॅलीचा डेटा आकाराने लहान असतो, त्यामुळे त्याची आणखी एक प्रत क्लाउडवर ठेवणे सहज शक्य आहे.

काय काय घ्यायचे, हे ठरवताना डी आणि ईकडे पाहून समाधान मानू नये. डेस्कटॉप, डाउनलोड्स आणि डॉक्युमेंट्स हे तिन्ही फोल्डर सीमध्ये असतात आणि ऑफिसातील माणसे रोजच्या कामाच्या फायली नेमक्या डेस्कटॉपवर ठेवतात. टॅलीचा डेटा ईमध्ये आहे असे आपण म्हणता, तरी टॅलीमध्ये कंपनी उघडून डेटाचा मार्ग एकदा डोळ्यांनी पाहावा. जुनी कंपनी ईमध्ये आणि चालू वर्षाची सीमध्ये, असे मी अनेकदा पाहिले आहे. टॅलीचे लायसन्स आधी सरेंडर करावे आणि नव्या विंडोजवर पुन्हा चालू करावे. आउटलुक वापरत असाल तर मेल साठवणारी पीएसटी फाइल शोधून घ्यावी. जीएसटीसाठी वापरत असलेल्या डिजिटल सहीच्या टोकनचा ड्रायव्हर कोठून मिळतो, तेही टिपून ठेवावे.

मराठी पत्रे आणि कोटेशन श्री-लिपी किंवा तशाच एखाद्या जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये असतील, तर एक गोष्ट आवर्जून करावी. ते फॉन्ट विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमध्ये, म्हणजे सीमध्ये असतात. फाइल डीमध्ये सुखरूप राहते, पण नव्या विंडोजमध्ये उघडली की ‘कोटेशन’च्या जागी रोमन अक्षरे आणि चिन्हे यांची अगम्य ओळ दिसते, आणि माणूस फाइल खराब झाली असे समजून ती पुसून टाकतो. फॉन्टच्या फायली व मूळ सॉफ्टवेअर जपून ठेवावे आणि त्याला डोंगल (लायसन्ससाठी संगणकाला जोडायची कळ) असेल तर तो चालू असल्याची खात्री करून घ्यावी.

आपल्या व्यवसायात याहूनही नाजूक गोष्ट म्हणजे सीएनसी यंत्राला प्रोग्रॅम पाठवणारे सॉफ्टवेअर. प्रोग्रॅमच्या फायली डीमध्ये असतील, पण पोर्टचा क्रमांक, बॉड रेट (माहिती पाठवण्याचा वेग), पॅरिटी आणि स्टॉप बिट या यंत्राशी संपर्काच्या जुळण्या सीमध्ये असतात आणि त्या सहसा कोणाच्याही वहीत लिहिलेल्या नसतात. त्या खिडकीचे मोबाइलवर छायाचित्र काढून ठेवण्यास एक मिनिट लागते. ते न केल्यास यंत्र नीट असूनही दुसऱ्या दिवशीचे काम अडून राहते. यूएसबीपासून सीरियल पोर्ट करणारी केबल वापरत असाल, तर तिचा ड्रायव्हर विंडोज ११ वर चालतो की नाही, हेही आधीच पाहावे. हे सर्व झाल्यावर हार्ड डिस्कची प्रकृती एकदा क्रिस्टलडिस्कइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये पाहावी. पेंडिंग किंवा रीअ‍ॅलोकेटेड सेक्टरचा, म्हणजे डिस्कवरील खराब होत चाललेल्या जागांचा, आकडा वाढलेला दिसला, तर ती डिस्क यापुढे एकमेव प्रतीसाठी वापरू नये.

आता प्रत्यक्ष काम. दुसऱ्या चांगल्या संगणकावर मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरील मीडिया क्रिएशन टूल वापरून किमान ८ जीबीचा पेन ड्राइव्ह तयार करावा. त्यावरचे आधीचे सर्व पुसले जाते. कोणीतरी दिलेली, ‘आधीच अ‍ॅक्टिव्हेट केलेली’ विंडोजची प्रत हिशेबाच्या संगणकावर कधीही टाकू नये. संगणक पूर्ण बंद करून, वीजपुरवठा काढून एसएसडी बसवावी आणि जुन्या हार्ड डिस्कची डेटा केबल काढून ठेवावी. मी या पायरीवर हटून बसतो, आणि त्याची दोन कारणे आहेत. जी डिस्क जोडलेलीच नाही, ती चुकून पुसली जाऊ शकत नाही. शिवाय दोन डिस्क जोडलेल्या असताना इन्स्टॉलर विंडोज एका डिस्कवर आणि ते सुरू करणाऱ्या फायली दुसरीवर ठेवू शकतो. मग वर्षभराने जुनी डिस्क काढली की चांगले चाललेले विंडोज सुरूच होत नाही आणि कारण कोणाच्याही ध्यानात येत नाही.

त्यानंतर बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या, संगणकाच्या मूळ जुळण्यांच्या पडद्यावर) जाऊन जुन्या पद्धतीने सुरू होऊ देणारा सीएसएम किंवा लेगसी हा पर्याय बंद करावा, इंटेलच्या मदरबोर्डवर पीटीटी या नावाने असलेला टीपीएम चालू करावा आणि सिक्युअर बूट (खात्रीच्या सॉफ्टवेअरनेच संगणक सुरू होऊ देणारी सोय) हेही चालू ठेवावे. हे केल्यावर जुन्या डिस्कवरचे विंडोज १० सुरू होणार नाही, पण ते गेले असे समजून घाबरू नये; सीएसएम पुन्हा चालू करून ती डिस्क जोडली की ते पूर्वीसारखे सुरू होते. अकराव्या पिढीपासूनच्या काही इंटेल लॅपटॉपमध्ये इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नाही. तेथे व्हीएमडी ही डिस्क हाताळण्याची इंटेलची सोय चालू असते आणि इंटेल रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर पेन ड्राइव्हवरून द्यावा लागतो. आपल्या संगणकावर ही अडचण येऊ नये.

विंडोज कोठे टाकायचे हे विचारणारा पडदा आला की घाई करू नये. तेथे सी, डी, ई ही अक्षरे दिसत नाहीत, फक्त डिस्कचे क्रमांक आणि आकार दिसतात, आणि जोडण्यानुसार क्रमांक बदलू शकतो. त्यामुळे डिस्क ओळखायची ती आकारावरून. ५०० जीबीची एसएसडी तेथे सुमारे ४६५ जीबी दिसेल आणि १ टीबीची डिस्क दिसली असती तर ९३१ जीबी दिसली असती, कारण उत्पादक १००० च्या पटीत मोजतात आणि विंडोज १०२४ च्या. फक्त ४६५ जीबीची ‘अनअ‍ॅलोकेटेड’ (न आखलेली) जागा दिसत असेल तर तीच निवडून पुढे जावे. स्वतः पार्टिशन आखत बसू नये. विंडोज सुरू करणाऱ्या फायलींसाठी १०० जीबीच्या आसपासचे ईएफआय पार्टिशन करण्याचा काहींचा प्रयत्न मी पाहिला आहे, तर विंडोज तेच काम १०० एमबीमध्ये करते, त्याला जोडून १६ एमबीची राखीव जागा ठेवते, मग सी आणि शेवटी रिकव्हरीचे पार्टिशन तयार करते.

एसएसडीचे पुन्हा सी आणि डी असे भाग करावेत का, असा प्रश्न पुढे येतोच. माझ्या मते करू नयेत. सीला १०० जीबी देण्याची सवय एका जुन्या काळातील आहे. आज विंडोजची अद्ययावत आवृत्ती उतरताना जुनी आवृत्ती काही दिवस विंडोज डॉट ओल्ड या फोल्डरमध्ये राहते, टॅली आणि कॅडच्या (ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरच्या) तात्पुरत्या फायलीही सीमध्येच जमतात, आणि आज आपण ज्या अडचणीत आहात तीच अडचण तीन वर्षांनी पुन्हा उभी राहते. संपूर्ण एसएसडी सीलाच द्यावी, तीत पाचवा हिस्सा तरी मोकळा राहू द्यावा, आणि डेटासाठी जुन्या डिस्कवरचे डी व ई वापरत राहावे. डिस्क मॅनेजमेंटमध्ये दिसणारा ‘डायनॅमिक डिस्क’ हा पर्याय मात्र कोणत्याही डिस्कवर निवडू नये; पार्टिशन न पुसता तेथून मागे येण्याची सोय विंडोजमध्ये नाही.

प्रॉडक्ट की विचारली तर ‘माझ्याकडे की नाही’ हा पर्याय निवडावा. आपले विंडोज १० अधिकृतपणे अ‍ॅक्टिव्हेट असेल, तर त्याचा डिजिटल परवाना मदरबोर्डशी जोडलेला असतो आणि इंटरनेट मिळताच तो लागू होतो. मात्र होम असेल तर होमच आणि प्रो असेल तर प्रोच टाकावे. विंडोज १० चा नियमित सुरक्षा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, त्यामुळे बँकेचे आणि जीएसटीचे काम होणाऱ्या संगणकावर हा बदल करण्याचा आपला निर्णय योग्यच आहे. विंडोज ११ च्या अलीकडच्या आवृत्त्या मायक्रोसॉफ्टच्या खात्याने प्रवेश केल्यावर सीचे एन्क्रिप्शन आपोआप चालू करू शकतात. तसे झाले असल्यास ४८ अंकी रिकव्हरी की त्या खात्यातून काढून कागदावर लिहावी आणि कागद ऑफिसच्या तिजोरीत ठेवावा. बायोसमधील एखाद्या बदलानंतर संगणकाने ती मागितली आणि ती नसली, तर आतील माहिती उघडणे कोणालाही शक्य नसते, मलाही नाही.

विंडोज ११ व्यवस्थित सुरू होऊन अद्ययावत झाल्यावर संगणक बंद करून जुन्या डिस्कची केबल पुन्हा जोडावी. ड्राइव्हची अक्षरे बदललेली दिसतील. जुना सी कदाचित डी होईल आणि टॅलीला डेटा सापडणार नाही. डिस्क मॅनेजमेंटमध्ये अक्षरे पूर्ववत करावीत, म्हणजे ड्रॉइंगमधील जुने दुवेही चालू राहतात. एखादे फोल्डर परवानगी नाही असे सांगू लागले तर ‘कंटिन्यू’ दाबून काही क्षण थांबावे. फोल्डर मोठे असेल तर वेळ लागतो. जुना सी लगेच पुसण्याचा मोह मात्र टाळावा. टॅलीत महिन्याचे विवरणपत्र भरून होईपर्यंत, सीएनसीला एकदा तरी प्रोग्रॅम जाईपर्यंत आणि मराठी कोटेशनची एक प्रत छापून पाहीपर्यंत तो जसाच्या तसा राहू द्यावा. त्यानंतरही पार्टिशन पुसण्याऐवजी आतील विंडोज आणि प्रोग्रॅम फाइल्स ही फोल्डरच काढावीत, आणि त्या दिवशीही बाहेरची प्रत घरी असल्याची आधी खात्री करून घ्यावी.